चिऱ्याच्या जुन्या घराच्या आतल्या भिंती: ओल काढण्यापासून चुन्याच्या शेवटच्या हातापर्यंत

आमच्या माजघराच्या भिंतीला दोनदा सिमेंटचा गिलावा झाला. दोन्ही वेळा जमिनीपासून ३ फुटांपर्यंतचा भाग दोन पावसाळ्यांत फुगला, पोपडे धरले आणि झाडूबरोबर निघून आला. तिसऱ्या खेपेला जो म्हातारा गवंडी आला, त्याने भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "दादा, भिंत आजारी नाय. तुम्ही तिला रेनकोट घालून ठेवलाव आणि वर घाम येतो म्हणताव." पुढचं सगळं त्या एका वाक्यातून शिकलेलं आहे.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड किंवा गोव्यात ज्यांच्याकडे जांभ्या चिऱ्याचं जुनं घर आलं आहे आणि आतल्या भिंतींचं काम पहिल्यांदाच काढायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घाटावरच्या काळ्या दगडाच्या वाड्यालाही यातलं बरंच लागू पडेल. फरक एवढाच, की काळा दगड स्वतः फारसं पाणी पीत नाही, तिथे ओल मुख्यतः दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून चढते.

आधी भिंत समजून घ्या

जांभा खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅननने मलबारात हा दगड लोक विटांसारखा कापून वापरताना पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. तर हा दगड विटेसारखाच सच्छिद्र आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो, हिवाळ्या-उन्हाळ्यात ते हवेत सोडतो. जुन्या घरांत त्यावर चुना असायचा किंवा माती-शेणाचं सारवण असायचं. दोन्हींतून वाफ आरपार जाते. सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि त्यावर प्लास्टिक पेंट असं झालं की ही वाट बंद होते. मग पाणी जागा मिळेल तिथून वर चढतं आणि जाताना क्षार गिलाव्याच्या मागे ठेवून जातं. ते क्षार फुलले की गिलावा सुटतो. लोणा लागला म्हणतात तो हाच.

आता उष्णतेचं. दीड फुटी भिंतीला इन्सुलेशन हवं असं वाटण्याआधी एक आकडा लक्षात घ्या: स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. दगडाच्या छिद्रांत हवा असेल तर भिंत घराला झाकते, पाणी असेल तर तीच भिंत उष्णता आत आणते. म्हणून चिऱ्याच्या घरात भिंत कोरडी करणं हेच पहिलं आणि सगळ्यांत स्वस्त इन्सुलेशन. शिवाय मे महिन्यात तुम्हाला भाजतं ते बहुतेक छपरातून, भिंतीतून नव्हे. पैसे मोजके असतील तर आधी कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी करा. तो वेगळा विषय आहे, पण क्रम चुकू नये म्हणून सांगितलं.

पायरी १: ओल कुठून येते ते शोधा

हे पावसाळ्यात करायचं काम आहे, म्हणजे निदान एक पावसाळा घर नुसतं बघत बसायची तयारी ठेवा. भिंतींवर पेन्सिलने ओलीची कड आखा आणि शेजारी तारीख लिहा. जमिनीपासून वर चढत ३-४ फुटांवर आडवी थांबलेली ओल खालून आलेली असते. वरून ओघळ दिसले तर कौल सरकलं आहे किंवा पन्हळ फुटली आहे. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर मधोमध डाग आला तर झडीचा पाऊस. कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी आणि बाकी भिंत ठीक, असं असेल तर ती बहुधा खोलीतल्या दमट हवेची करामत.

खात्री नसेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घ्या. फूटभर चौरस तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या मागे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, पुढे दिसले तर खोलीतल्या हवेतून.

एक कारण हमखास सुटतं: जमीन. जुन्या घरात शेणाने सारवलेली मातीची जमीन होती, तिच्यातून ओल सगळीकडून थोडी थोडी उडून जायची. तिच्यावर काँक्रीट आणि चकचकीत टाइल बसवल्या की तेच पाणी कडेला सरकतं आणि भिंतीत चढतं. "टाइल लावल्यापासून भिंती भिजायला लागल्या" असं गावोगाव ऐकू येतं, ते उगाच नाही. टाइल काढायच्या नसतील तर निदान भिंतीलगतची वीतभर पट्टी उखडून तिथे खडी किंवा मातीच्या बिनचकाकीच्या फरशा घाला.

पायरी २: आतल्या भिंतीचं काम बाहेरून सुरू होतं

जोत्याभोवती फिरा. दरवर्षी अंगणात चिखल नको म्हणून माती-खडी टाकली जाते, कधी काँक्रीट होतं, आणि ३० वर्षांत अंगण जोत्याच्या अर्ध्यावर येऊन बसतं. ते खाली न्या. अंगणाची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा निदान फूटभर खाली हवी आणि उतार घरापासून लांब. पागोळ्या जिथे पडतात तिथे पाण्याला वाट द्या, नाहीतर शिंतोडे दोन फुटांपर्यंत भिंत भिजवत राहतात. कौलं परता, पन्हळी साफ करा. झडीच्या बाजूला पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधत, आता पत्रा किंवा ताडपत्री लावतात. काहीही लावा, पण भिंतीला चिकटवून नको, मधून वारा फिरू दे.

बाहेरच्या भिंतीवर पारदर्शक 'वॉटरप्रूफ' द्रव फासून घेण्याचा मोह होईल. जुन्या भिंतीवर टाळा. खालून चढणारं पाणी तो थांबवत नाही, बाहेर पडायची वाट मात्र अडवतो.

पायरी ३: सोलणं आणि वाट बघणं

काम दिवाळीनंतर काढा. सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने हाताने सोला. ब्रेकर मशीन लावलं तर चिऱ्याच्या कडा उडतात, आणि माती किंवा चुन्यात बांधलेली भिंत हादऱ्याने सैल होते. आधी वायरिंगचा मेन बंद करा, जुन्या घरात वायर कुठून गेली असेल ते घरच्यांनाही माहीत नसतं. घट्ट बसलेला चुन्याचा जुना गिलावा मात्र काढू नका. बोटाच्या पेराने ठोका: भरीव आवाज आला तर ठेवा, पोकळ आला तर काढा.

दर्जांमधली भुसभुशीत माती इंचभर खोल खरवडा. पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुवाल तर तो विरघळून परत आत जाईल.

आता खिडक्या उघडा आणि थांबा. जाड भिंत वाळायला साधारण एका इंचाला महिना असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी ९ महिने. तेवढं कुणी थांबत नाही, मीही थांबलो नाही. पण चुना वाफ अडवत नसल्यामुळे दोन-अडीच महिन्यांनी काम सुरू केलं तरी उरलेली ओल त्याच्यातून निघत राहते. सिमेंटमध्ये ही सवलत नाही. या काळात पांढरा क्षार पुन:पुन्हा वर येईल, दर आठवड्याला झाडत राहा. ओल फारच जुनी असेल तर पहिल्या वर्षी खालच्या ३ फुटांत फक्त चुन्याचा कच्चा हात द्या. तो क्षार शोषून घेईल, खराब होईल, पुढच्या वर्षी तो काढून पक्का गिलावा करा. हा हात वाया घालवण्यासाठीच असतो.

वायर-पाइपच्या खाचा आताच मारा. बोर्डाचे डबे बसवायला इलेक्ट्रिशियन सवयीने पीओपी काढेल. त्याला चुन्याचा माल द्या, कारण पीओपी ओल धरतं आणि डबे गंजतात.

पायरी ४: चुना आणि माल

दुकानात जाऊन 'पुट्टी द्या' म्हणालात तर पांढऱ्या सिमेंटची पिशवी हातात पडेल. ती नको. आपल्याला हवी चुन्याची विरी. दगड किंवा शिंपले साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजले की कळीचा चुना मिळतो. कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्यांचा चुना सर्रास वापरला जाई. कळी पाण्यात विरवली की विरी होते, आणि भिंतीवर लावल्यावर ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा दगड बनते. म्हणून चुना सिमेंटसारखा एका रात्रीत 'सेट' होत नाही, त्याला हवा, थोडी ओल आणि आठवडे लागतात.

चुना विरवताना पाणी उकळतं आणि उडतं. लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकचं नको. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं कधीच करू नका. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, मुलं आणि कुत्रा लांब. डोळ्यात गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटं धुवत राहा आणि थेट डॉक्टर गाठा. थंड झाल्यावर जाळीतून गाळून वर दोन-तीन इंच पाणी राहील असा झाकून ठेवा. ३ आठवडे तर हवेतच. दिवाळीला भिंत सोलायला घेतली त्याच दिवशी चुना विरवला, तर भिंत तयार होईपर्यंत तो लोण्यासारखा झालेला असतो.

एवढा खटाटोप नको असेल तर विरवलेल्या चुन्याची पावडर पोत्यात मिळते. ती पाण्यात निदान एक दिवस भिजत ठेवून वापरा. पोतं जुनं असेल तर चुना आधीच खडू झालेला असतो. चिमूटभर पावडरीवर व्हिनेगर टाका: जोरात फसफसलं तर पोतं परत करा. खरेदी करताना वर्गही विचारा. भारतीय मानक ७१२ मध्ये चुन्याचे वर्ग आहेत, त्यातला 'सी' म्हणजे शुद्ध, मऊ चुना, शेवटच्या हाताला आणि सफेदीला चांगला. 'बी' हा पाण्यातही काहीसा घट्ट होणारा, खालच्या हातांना चालतो.

वाळू धारदार, लहान-मोठ्या दाण्यांची हवी. खाडीची वाळू खारी असते. ती घेतलीत तर लोणा स्वतःच्या पैशाने विकत आणलात. गोड्या पाण्याची वाळू घ्या, तीही धुऊन. पाणीही गोडंच हवं, खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं नको.

प्रमाण: १ भाग विरी, अडीच ते ३ भाग वाळू, आणि त्यात इंचभर कापलेला काथ्या किंवा ताग. खालच्या ओलसर पट्ट्यात वाळूचा थोडा भाग काढून त्याऐवजी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घाला, चुना लवकर धरतो. वरून वेगळं पाणी शक्यतो घालू नका. विरीतच पुरेसं असतं, नुसतं तुडवत राहा. पूर्वी बैलाच्या घाणीत मळत ते याचसाठी. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालायची पद्धत आहे, पण प्रमाण गवंड्यागणिक बदलतं आणि गूळ जास्त झाला तर मुंग्या आधी येतात. पहिल्यांदा करताय तर ते राहू द्या.

किती लागेल? १० फूट बाय १० फूट भिंत, खालच्या दोन हातांची मिळून दीड सेंटिमीटर जाडी, म्हणजे सुमारे ५ घनफूट माल. जुनी भिंत वाकडी असते, ७ धरा. त्यासाठी जवळपास ७ घनफूट वाळू आणि ६५ लिटर विरी. वाळूच्या दाण्यांमधली पोकळी विरी भरते, म्हणून दोन्हींची बेरीज सव्वानऊ घनफूट होत असली तरी माल ७च भरतो. हा हिशेब मला पहिल्यांदा कळला नव्हता आणि वाळूची अर्धी गाडी अजून पडवीत आहे.

पायरी ५: हात

आधी कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट नमुना करा आणि आठवडाभर बघा. तडे गेले तर माल फार तेलकट आहे, वाळू वाढवा. बोटाने भुगा झाला तर विरी कमी पडली किंवा फार लवकर वाळलं.

आदल्या संध्याकाळी भिंतीवर पाणी मारा आणि सकाळी पुन्हा शिंपडा. भिंत ओलसर हवी, ओघळणारी नको. आधी खड्डे आणि दर्जा भरा. खोल जागी नुसता माल कोंबू नका, चिऱ्याच्या कपच्या बसवत जा.

पहिला हात ६ ते ८ मिलिमीटर, थापीने फेकून मारायचा. फेकल्याने तो छिद्रांत शिरतो, चोपडल्याने वर राहतो. थोडा आवळला की खिळ्यांच्या फणीने आडव्या-तिरप्या रेघा ओढा. नखाने खूण उठेनाशी झाली की दुसरा हात, सहसा ८-१० दिवसांनी. दुसरा हात ८ ते १० मिलिमीटर. यात पाटा, म्हणजे लांब सरळ फळी फिरवा, पण ओळंब्यात भिंत आणायचा हट्ट धरू नका. जुनी भिंत सरळ करायची तर कुठे कुठे दोन इंच माल चढेल, आणि तो पडेल. पृष्ठभाग सपाट नसला तरी चालतो, सलग असला पाहिजे. माल घट्ट होताना लाकडी रंध्याने (गवंड्याची मुठीची सपाट फळी, सुताराचा रंधा नव्हे) गोल गोल घासा, केसासारखे तडे याच वेळी मिटतात. लाकडी खांब आणि भिंत जुळतात तिथे गोणपाटाची पट्टी मालात दाबा, नाहीतर तिथली चीर दरवर्षी तुमची वाट पाहील.

शेवटचा हात २-३ मिलिमीटर, १ भाग विरीला १ भाग बारीक वाळू किंवा संगमरवराची भुकटी.

प्रत्येक हातानंतर निदान आठवडाभर दिवसातून दोनदा पाण्याचा हलका फवारा. उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांवर ओलं गोणपाट टांगा. पंखा लावून वाळवायला जाल तर पृष्ठभाग पिठासारखा झडतो. आणि जमिनीलगत दोन इंच गिलावा सोडून द्या, म्हणजे फरशी पुसलेलं पाणी वर ओढलं जाणार नाही. ती फट पातळ लाकडी पट्टीने झाका.

न्हाणीघर आणि मोरीची बाजू याला अपवाद. तिथे पाणी रोज आदळतं, खुशाल सिमेंट आणि टाइल वापरा, फक्त भिंतीची पलीकडची बाजू चुन्याची ठेवा.

एसीची खोली असेल तर

थंड देशांतल्या दगडी घरांचे व्हिडिओ बघून लोक आतून प्लास्टिकचा कागद, ग्लासवूल आणि जिप्सम बोर्ड लावतात. तिकडे उबदार, वाफेने भरलेली हवा घराच्या आत असते, म्हणून वाफ अडवणारा पडदा आतल्या बाजूला शोभतो. कोकणात एसी लावला की चित्र उलटं होतं: दमट गरम हवा बाहेर, गार पृष्ठभाग आत. ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की दव पडू लागतं. खोली २० अंशांवर ठेवलीत तर ते दव नेमकं तुमच्या प्लास्टिकच्या मागे जमेल, आणि बोर्डावर बुरशी दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

म्हणून अशा खोलीत थर्माकोल, ग्लासवूल, प्लास्टिक काहीच नको. चुन्यात वाळूच्या मोठ्या भागाऐवजी पर्लाइट, म्हणजे भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे घालून हलका गिलावा करता येतो, थराथराने एकूण इंच-दीड इंच. तो उष्णता कमी नेतो आणि वाफही जाऊ देतो. हाताने दाबला तर पोचा येतो, तेव्हा वरून नेहमीचा शेवटचा हात हवाच. एसी २६-२७ वर ठेवून पंखा लावा. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या तर फरक याहून जास्त पडेल.

पायरी ६: सफेदी

गिलावा होऊन महिना गेला की, साधारण एप्रिलात. विरी दुधासारखी पातळ करा, चिमूटभर नीळ, आणि हाताला लागू नये म्हणून थोडा भिजवलेला डिंक. भिंत ओलसर करून मोठ्या ब्रशने द्या. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही आणि माणूस घाबरून दाट माल घेतो. तसं करू नका, वाळला की पांढरा होतो. दाट दिलेला हात पापुद्र्यांनी सुटतो. पातळ ४-५ हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. रंग हवा असेल तर गेरू आणि पिवडी चुन्यात टिकतात. दुकानातल्या बऱ्याच चमकदार रंगांना चुना खाऊन टाकतो, आधी पुठ्ठ्यावर नव्हे, भिंतीवरच तुकडा रंगवून बघा. दोन वर्षांनी रंगारी 'एक हात ऑइलपेंट मारू, पुसता येईल' म्हणेल. नको म्हणा.

पहिल्या पावसाळ्यात भिंत थोडी काळवंडेल, हात लावला तर गार लागेल. आमच्याकडे जुलैत फोन करून गवंड्याला बोलावलं होतं. त्याने बघितलं, चहा घेतला, "दसऱ्याला परत बोलवा" म्हणून गेला. दसऱ्याला भिंत कोरडी होती. मोठं कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. फोटो लटकवायला गिलाव्यात ड्रिल मारण्याआधी जुन्या लाकडी खुंट्या कुठे होत्या ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. चिऱ्यात त्यांची भोकं बहुतेक तशीच असतात.